कोबोलचा पॅराग्राफ कुठे संपतो? कोड फोल्डिंगचं एक्स्टेन्शन बांधताना

प्रोग्राम लिहायच्या एडिटरमध्ये ओळींच्या आकड्यांशेजारी एक छोटा बाण दिसतो. त्यावर क्लिक केलं की खालच्या पन्नास-शंभर ओळी मिटतात आणि वरची एकच ओळ उरते. पुन्हा क्लिक केलं की सगळं उलगडतं. हे कोड फोल्डिंग. जावा, पायथन, जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना ते आयतं मिळतं, त्यामुळे त्यामागे कोणीतरी काही ठरवलेलं आहे हे लक्षातही येत नाही. जी भाषा एडिटरला मुळात ठाऊकच नाही, तिच्यासाठी ही सोय स्वतः बांधायला घेतली की खरं काम कुठे आहे ते कळतं. ओळी लपवणं एडिटर करतो, त्यात आपल्याला काहीच करायचं नसतं. आपलं काम एवढंच, की एखादी गोष्ट सुरू झाली ती नेमकी कुठे संपली हे सांगायचं. आणि बऱ्याच भाषांत तेच सर्वांत अवघड असतं.

उदाहरणासाठी एडिटर घेऊ व्हिज्युअल स्टुडिओ कोड आणि भाषा घेऊ कोबोल. कोबोलचं काम १९५९ साली सुरू झालं, पहिला आराखडा १९६०चा. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचे हिशेब आजही या भाषेत चालतात. २००० सालच्या तारखेच्या प्रश्नावेळी भारतातल्या असंख्य इंजिनिअरांनी हाच कोड ओळ न् ओळ वाचून काढला होता. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत मेनफ्रेमवर, म्हणजे असे हिशेब चालवणाऱ्या मोठ्या संगणकांवर, काम करणारे मराठी लोक आजही पुष्कळ आहेत. या एडिटरमध्ये कोबोलची सोय मुळात नसते. ती देणारी एक्स्टेन्शन्स, म्हणजे एडिटरला नवी सोय जोडणारे छोटे प्रोग्राम, बाजारात आहेत आणि चांगली आहेत. तरीही शिकण्यासाठी मी हीच भाषा निवडेन, कारण फोल्डिंगबद्दल आपण जी जी गृहीतकं धरतो, त्यातलं जवळजवळ प्रत्येक इथे मोडतं.

कल्पना तशी जुनी आहे. डग्लस एंगेलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक केलं, त्यात बाजाराची यादी पडद्यावर मिटवून फक्त वरच्या पातळीच्या नोंदी दाखवल्या होत्या. १९७४ मध्ये आयबीएमच्या मेनफ्रेमवर आलेला एसपीएफ एडिटर ओळीच्या आधीची मोकळी जागा पाहून ओळी लपवू शकत असे. विम एडिटरच्या ६.० आवृत्तीत, २००१ साली, फोल्डिंग आलं. तिथे ते ठरवण्याच्या सहा पद्धती आहेत: हाताने, इंडेंटवरून (ओळीआधीच्या मोकळ्या जागेवरून), स्वतः लिहिलेल्या सूत्रावरून, भाषेच्या व्याकरणावरून, दोन फायलींतल्या फरकावरून आणि कोडमध्ये टाकलेल्या खुणांवरून. सहा पद्धती लागल्या, कारण शेवट ओळखायचा एकच एक मार्ग सगळ्या भाषांना पुरत नाही.

एडिटर स्वतःहून काय करतो

भाषेची काहीही माहिती नसताना व्हिज्युअल स्टुडिओ कोड इंडेंटवर चालतो. ओळीच्या सुरुवातीला किती मोकळी जागा आहे एवढंच तो पाहतो. जास्त आत सरकलेल्या ओळी वरच्या कमी सरकलेल्या ओळीच्या पोटात आहेत, असं तो धरतो.

हे काम तो फाइलच्या शेवटच्या ओळीपासून वर जात करतो, आणि त्यामागे कारण आहे. वरून खाली येताना एखादी ओळ दिसली तर तिच्या पोटात किती ओळी आहेत हे अजून ठाऊक नसतं. खालून वर गेलं तर पोटातलं सगळं आधीच पाहून झालेलं असतं. त्यासाठी एक स्टॅक ठेवतात. लग्नातल्या पंगतीसाठी रचलेली ताटांची चळत जशी, वर ठेवलेलं ताट आधी निघतं, तसा हा साठा असतो. खालून येताना प्रत्येक नवी पातळी चळतीवर ठेवायची. कमी इंडेंटची ओळ भेटली की तिच्यापेक्षा आतल्या सगळ्या पातळ्या काढून टाकायच्या आणि ही ओळ त्यांची मालक म्हणून नोंदवायची. प्रत्येक ओळीला एकदाच हात लागतो, त्यामुळे मोठी फाइलसुद्धा लगेच होते. रिकाम्या ओळी कोणाच्या, हा एक छोटा प्रश्न उरतो. पायथनसारख्या भाषांत त्या पुढच्या भागाच्या धरल्या जातात, आणि भाषेच्या कॉन्फिगरेशनमध्ये त्यासाठी वेगळी खूण असते.

आता हीच पद्धत कोबोलवर चालवून पाहा.

जुन्या धाटणीच्या कोबोलमध्ये ओळीची रचना ८० कॉलमच्या पंचकार्डावरून आली आहे. कॉलम १ ते ६ ओळीच्या क्रमांकासाठी. कॉलम ७ मध्ये एकच अक्षर: तारा असेल तर ती ओळ कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप; आडवी रेघ असेल तर मागच्या ओळीचा पुढचा भाग. कॉलम ८ ते ११ म्हणजे ए-एरिया, १२ ते ७२ म्हणजे बी-एरिया. ७३ ते ८० कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, वाचतच नाही.

पहिल्या सहा कॉलममध्ये क्रमांक छापलेले असतील तर एडिटरच्या दृष्टीने एकाही ओळीआधी मोकळी जागा नसते. सगळ्या ओळी एकाच पातळीवर, म्हणजे एकही बाण नाही. क्रमांक नसतील तर वेगळीच अडचण येते. डिव्हिजन, सेक्शन आणि पॅराग्राफ हे कोबोल प्रोग्रामचे मोठ्यापासून लहानापर्यंतचे भाग. हे तिन्ही कॉलम ८ पासूनच सुरू होतात. डिव्हिजनच्या पोटात सेक्शन आणि सेक्शनच्या पोटात पॅराग्राफ हे नातं कोबोल वाचणाऱ्याला दिसतं, पण इंडेंटमध्ये ते कुठेच उमटलेलं नसतं. त्यामुळे प्रत्यक्ष काम जिथे लिहिलेलं असतं ती प्रोसीजर डिव्हिजन पूर्ण मिटवायची सोयच मिळत नाही.

सर्वांत त्रासाचा भाग कॉमेंटचा. कॉमेंटचा तारा कॉलम ७ मध्ये असतो, म्हणजे बाकी सगळ्या कोडपेक्षा एक घर डावीकडे. इंडेंट पाहणाऱ्या एडिटरला वाटतं की ही ओळ सगळ्यांच्या बाहेरची आहे. पॅराग्राफच्या मधोमध एक कॉमेंट लिहिली की पॅराग्राफचा फोल्ड तिथेच तुटतो. शिवाय त्या कॉमेंटलाच बाण फुटतो आणि पुढची कॉमेंट येईपर्यंतचा सगळा कोड तिच्या पोटात जातो. ज्याने काळजीपूर्वक कॉमेंट्स लिहिल्या, त्याचीच फाइल सर्वांत वाईट दुमडली जाते. इथे आपलं एक्स्टेन्शन लागतं.

एडिटरला आपल्याकडून काय हवं असतं

फार थोडं. एक्स्टेन्शनच्या पॅकेज फाइलमध्ये आपण सांगतो की कोबोल नावाची भाषा आहे आणि .सीबीएल, .सीओबी, .सीपीवाय या शेपट्यांच्या फायली तिच्या आहेत. मग कोडमध्ये एक फोल्डिंग रेंज प्रोव्हायडर, म्हणजे फोल्ड कुठून कुठपर्यंत ते सांगणारा भाग, नोंदवायचा. एडिटर फाइल उघडली किंवा बदलली की त्याला हाक मारतो आणि पूर्ण मजकूर हाती देतो. आपण परत द्यायची ती फक्त एक यादी. यादीतल्या प्रत्येक नोंदीत सुरुवातीची ओळ, शेवटची ओळ आणि हवा असेल तर प्रकार. प्रकार तीनच: कॉमेंट, इम्पोर्ट आणि रीजन. कॉमेंट हा प्रकार दिला तर ‘सगळ्या कॉमेंट्स मिटवा’ ही एडिटरची कमांड आपल्या भाषेतही चालायला लागते, म्हणून तो आळस न करता द्यावा.

ओळींची मोजणी शून्यापासून होते. पडद्यावरची पहिली ओळ ही आपली शून्यावी ओळ. कॉलमचंही तसंच, म्हणजे कोबोलचा कॉलम ७ कोडमध्ये ६ होतो. मिटवल्यावर सुरुवातीची ओळ दिसत राहते आणि तिच्या पुढच्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं लपतं.

तीन नियम आधीच पक्के लक्षात ठेवावेत. दोन फोल्ड एकमेकांत पूर्ण बसले पाहिजेत किंवा पूर्ण वेगळे राहिले पाहिजेत. अर्धवट एकमेकांवर चढले तर नंतर सुरू होणारा एडिटर टाकून देतो. दोन फोल्ड एकाच ओळीवर सुरू होत असतील तर एकच ठेवला जातो. आणि भाषेसाठी एकदा प्रोव्हायडर नोंदवला की इंडेंटवरून होणारं आयतं फोल्डिंग बंद पडतं. या तिसऱ्यामुळे नव्या माणसाची फसगत होते: फक्त कॉमेंट्स दुमडणारा प्रोव्हायडर लिहिला आणि बाकीचे सगळे बाण गायब झाले, असं दिसतं. थोडं देऊन भागत नाही. एकदा जबाबदारी घेतली की सगळीच घ्यावी लागते.

आधी ओळ स्वच्छ करा

शब्द शोधायच्या आधी प्रत्येक ओळ धुऊन घ्यायची. पहिले सहा कॉलम सोडायचे, ७२ नंतरचं कापायचं. हे कापणं विसरलं तर ७३ ते ८० मधली एखादी जुनी खूण कोड समजून वाचली जाते. सातव्या कॉलममध्ये तारा किंवा तिरकी रेघ असेल तर ओळ कॉमेंट, बाकी काही बघायचं नाही. २००२च्या मानकापासून ओळीच्या मधूनही कॉमेंट सुरू करता येते, तारा आणि त्याला लागून ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह अशी. तिच्यापुढचंही काढायचं.

अवतरणातला मजकूर काढून न टाकता त्याच्या जागी तेवढ्याच मोकळ्या जागा भरायच्या. म्हणजे कॉलम हलत नाहीत आणि एखाद्या संदेशात ‘एंड-इफ’ असं लिहिलेलं असलं तरी ते कोड समजलं जात नाही. लांब अवतरण पुढच्या ओळीवर गेलं तर काय, अशी भीती वाटते. पण कोबोलच्या नियमाप्रमाणे पुढच्या ओळीवर ते पुन्हा अवतरणचिन्हानेच सुरू होतं. त्यामुळे प्रत्येक ओळ स्वतंत्र धरली आणि न मिटलेलं अवतरण ओळीच्या शेवटी संपलं असं मानलं, तरी हिशेब बरोबर लागतो.

शीर्षकं: ज्यांना शेवटच नसतो

डिव्हिजन, सेक्शन आणि पॅराग्राफ यांना सुरुवात असते, शेवट लिहिलेला नसतो. पुढचं त्याच किंवा वरच्या दर्जाचं शीर्षक आलं की मागचं संपलं. दर्जा ठरवून टाकायचा: डिव्हिजन १, सेक्शन २, पॅराग्राफ ३. नवं शीर्षक भेटलं की त्याच्या बरोबरीची आणि खालची उघडी शीर्षकं स्टॅकवरून काढून बंद करायची, मग नव्याला वर ठेवायचं. फाइल संपली की उरलेली सगळी बंद.

पॅराग्राफ ओळखायचा कसा? प्रोसीजर डिव्हिजनमध्ये, ए-एरियात सुरू होणारा एकच शब्द आणि त्याला लागून पूर्णविराम. इथे आपण सध्या कोणत्या डिव्हिजनमध्ये आहोत हे लक्षात ठेवणं सक्तीचं आहे. पॅराग्राफच्या नावाआधी १०००, २००० असे आकडे घालायची पद्धत फार रूढ आहे. माहितीची रचना सांगणाऱ्या डेटा डिव्हिजनमध्ये मात्र त्याच जागी आकडा आला तर तो लेव्हल नंबर, म्हणजे ती नोंद किती आतल्या पातळीवर आहे ते सांगणारा आकडा असतो.

बंद करताना शेवटची ओळ कोणती द्यायची, यावर थोडं थांबू. सरळ उत्तर म्हणजे पुढच्या शीर्षकाच्या आधीची ओळ. पण कोबोल लिहिणारे पॅराग्राफच्या डोक्यावर ताऱ्यांची चौकट करून त्यात त्या पॅराग्राफचं काम लिहितात. सरळ उत्तर दिलं तर ती चौकट मागच्या पॅराग्राफच्या पोटात जाते. मग सगळे पॅराग्राफ मिटवल्यावर फक्त नावं उरतात आणि ती कशासाठी आहेत हे सांगणारा मजकूर नेमका लपलेला असतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक खऱ्या कोडच्या ओळीवर ‘शेवटची कोडची ओळ’ असा एक आकडा अद्ययावत करत राहायचा आणि शीर्षक बंद करताना तोच द्यायचा. रिकाम्या ओळी आणि कॉमेंट्स त्यात धरायच्या नाहीत. याची एक किंमत आहे: पॅराग्राफच्या अगदी शेवटी कोणी जुना कोड कॉमेंट करून ठेवला असेल तर तो बाहेर राहतो. मला ती किंमत योग्य वाटते. जास्तीचं दिसणं परवडतं, हवं ते लपणं परवडत नाही.

जुन्या प्रोग्रामांत पॅराग्राफची जोडी असते: एक कामाचा आणि लगेच त्याचा ‘एक्झिट’. बोलावताना अमुकपासून तमुकपर्यंत चालव असं सांगतात. ही जोडी एकत्र मिटावी असा मोह होतो. मी तो टाळेन. कुठपासून कुठपर्यंत हे बोलावणारी ओळ ठरवते, आणि दोन ठिकाणांहून दोन वेगवेगळ्या मर्यादा सांगितलेल्या असू शकतात. एक्स्टेन्शनने त्यातली एक निवडली तर ते वाचकाला चुकीचं काहीतरी शिकवतं.

डेटा डिव्हिजन: आकडेच नातं सांगतात

इथे काम सुंदर सोपं होतं. ०१ लेव्हलच्या रेकॉर्डच्या पोटात ०५, त्याच्या पोटात १०. इंडेंट कसंही असो, आकडा खरा. नवी ओळ आली की तिच्याइतके किंवा तिच्याहून मोठे आकडे स्टॅकवरून काढायचे. अटींच्या नावांसाठी असलेली ८८ लेव्हल आपोआप नीट बसते, कारण नेहमीच्या लेव्हल ०१ ते ४९ असतात आणि ८८ त्या सगळ्यांपेक्षा मोठी. ७७ स्वतंत्र असते, तिला ०१ धरायचं. ६६ क्वचित भेटते, ती थेट ०१ च्या खाली.

कॉपीबुकची, म्हणजे अनेक प्रोग्रामांत जोडल्या जाणाऱ्या सामाईक फायलींची, आठवण ठेवा. त्या फायलींत डिव्हिजनचं शीर्षक नसतंच, थेट ०१ किंवा ०५ पासून सुरुवात होते. शीर्षक न दिसताच लेव्हल नंबर आणि त्यामागे नाव दिसलं, तर आपण डेटात आहोत असं मानून पुढे जायचं.

इफ, आणि एका पूर्णविरामाची ताकद

खरी परीक्षा वाक्यांची: अट घालणारा इफ, ‘नाहीतर’ सांगणारा एल्स, काम करवून घेणारा परफॉर्म. १९८५च्या मानकाने एंड-इफ, एंड-परफॉर्म, एंड-इव्हॅल्युएट असे शेवट दाखवणारे शब्द दिले. ते वापरलेले असतील तर स्टॅकवर ठेवणं आणि काढणं एवढंच काम. पण त्याआधीच्या पद्धतीत इफ संपायचा तो पूर्णविरामाने, आणि तो कोड आजही चालू आहे. एकात एक चार इफ उघडे असतील तर एक पूर्णविराम चारही बंद करतो. म्हणजे आपल्यालाही पूर्णविराम दिसताच वाक्यांचा स्टॅक पूर्ण रिकामा करावा लागतो.

मग प्रश्न येतो की कोणता पूर्णविराम. ३.१४ मधला नव्हे. छापील आकड्याची चौकट सांगणाऱ्या पिक्चरच्या मधला नव्हे. ज्याच्यामागे मोकळी जागा आहे किंवा ओळ संपते तोच. अवतरणातले आपण आधीच पुसून टाकलेत.

परफॉर्म दोन प्रकारचा. एक दुसऱ्या पॅराग्राफला बोलावतो, त्याला शेवट नसतो. दुसऱ्यात काम तिथेच लिहिलेलं असतं आणि एंड-परफॉर्मने संपतं. पहिला चुकून स्टॅकवर ठेवला तर पुढची सगळी जुळणी बिघडते. त्यामुळे परफॉर्मच्या पुढचा शब्द पाहायचा: अंटिल, व्हेरिंग, विथ किंवा टेस्ट असेल तर काम तिथेच लिहिलेलं आहे. एखादं नाव असेल तर त्याच्याही पुढचा शब्द पाहायचा. ‘टाइम्स’ असेल तर ते नाव म्हणजे किती वेळा करायचं तो आकडा ठेवणारं व्हेरिएबल, म्हणजे हाही तिथेच लिहिलेला. दुसरं काही असेल तर पॅराग्राफला हाक.

एल्सचं ठरवावं लागतं. मी इफपासून एल्सच्या आधीपर्यंत एक फोल्ड आणि एल्सपासून एंड-इफच्या आधीपर्यंत दुसरा फोल्ड देईन, म्हणजे एल्स आणि एंड-इफ या दोन्ही ओळी मिटल्यावरही दिसतात आणि रचना वाचता येते. पूर्णविरामाने संपणाऱ्या इफला दाखवायला वेगळी ओळ नसते, तिथे शेवटची ओळही आत जाते. ‘एल्स इफ’ एकाच ओळीवर असेल तर दोन फोल्ड एकाच जागी सुरू होतात आणि एडिटर एकच ठेवतो. अशा वेळी आतला इफ द्यावा. बाहेरचा एल्स दिला तर त्यामागची सगळी साखळी एका झटक्यात मिटते, आणि वाचणाऱ्याला बहुधा एकच फांदी मिटवायची असते.

आयबीएमच्या डीबीटू या डेटाबेसच्या चौकशा ‘एक्झेक एसक्यूएल’ आणि ‘एंड-एक्झेक’ यांच्या मध्ये असतात. तो भाग एक फोल्ड म्हणून द्यायचा आणि आतला एकही शब्द कोबोल म्हणून वाचायचा नाही.

अर्धवट लिहिलेला कोड

कंपायलरसमोर प्रोग्राम येतो तो पूर्ण झाल्यावर. फोल्डिंगसमोर तो येतो लिहिता लिहिता, आणि लिहिता लिहिता कोड बहुतेक वेळ मोडलेलाच असतो. कोणी इफ टाइप केला आहे, एंड-इफ अजून लिहायचा आहे, तेवढ्यात आपल्याला हाक येते. या क्षणी आपण एंड-इफ शोधत फाइलच्या शेवटपर्यंत गेलो तर खालचा निम्मा प्रोग्राम त्या इफच्या पोटात जाईल आणि लिहिणाऱ्याने मिटवून ठेवलेले भाग डोळ्यांदेखत उघडतील. एक्स्टेन्शनबद्दल लोकांचा विश्वास अशाच क्षणी जातो.

यावर मी दोन बंधनं घालेन. पहिलं, शीर्षकांचा स्टॅक आणि वाक्यांचा स्टॅक वेगळे ठेवायचे, आणि नवं शीर्षक आलं की वाक्यांचा स्टॅक न विचारता रिकामा करायचा. मग चूक त्या एका पॅराग्राफबाहेर जात नाही. दुसरं, ज्याचा शेवट सापडला नाही तो फोल्ड द्यायचाच नाही. बाण नसणं कोणाला अडवत नाही. चुकीचा बाण मात्र वाचणाऱ्याला सांगतो की लपलेलं सगळं या ओळीचं आहे, आणि ते खोटं असतं. एंड-इफ आला आणि स्टॅकच्या वर परफॉर्म दिसला, तर खाली सर्वांत जवळचा इफ शोधायचा, मधलं सगळं फोल्ड न देता टाकून द्यायचं. इफ सापडलाच नाही तर तो एंड-इफ सोडून पुढे जायचं. कुठेही थांबायचं नाही, चूक म्हणून ओरडायचं नाही. ते काम कंपायलरचं.

वेगाबद्दल एक गोष्ट. एडिटर प्रोव्हायडरला एक रद्द करायचं टोकन देतो. मजकूर बदलला आणि उत्तर नको झालं की त्यावर तशी खूण होते. अनेक जण लूपच्या प्रत्येक फेरीत हे टोकन तपासतात. सलग चालणाऱ्या लूपमध्ये त्याचा उपयोग नसतो, कारण एक्स्टेन्शनचा जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर चालतो आणि लूप संपेपर्यंत रद्द झाल्याचा निरोप आत येऊच शकत नाही. मध्ये कुठे थांबून दुसऱ्यांना संधी दिली तरच टोकनला अर्थ. आपली पद्धत प्रत्येक ओळ एकदाच पाहते, तेव्हा सलग आणि झटपट करणंच बरं. फोल्डच्या संख्येला एडिटरची मर्यादा असते, मुळात ५०००. मोठ्या जुन्या प्रोग्राममध्ये ती ओलांडली जाऊ शकते, आणि मग आतल्या पातळ्यांचे बाण गळतात. ही मर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येते, हे एक्स्टेन्शनच्या माहितीत लिहून ठेवावं.

तपासणं आणि पोचवणं

फोल्ड शोधणारं फंक्शन एडिटरपासून पूर्ण वेगळं लिहा. आत ओळींची यादी जाईल, बाहेर आकड्यांच्या जोड्या येतील. मग एडिटर न उघडता नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्ट स्वतंत्रपणे चालवणाऱ्या प्रोग्रामवर, चाचण्या चालवता येतात: छोटा कोबोलचा तुकडा आणि त्यासमोर अपेक्षित जोड्या. वर सांगितलेल्या प्रत्येक अडचणीची एक चाचणी हवी, आणि अर्धवट कोडच्या चाचण्या सर्वांत जास्त. डोळ्यांनी पाहायचं असेल तर एफ-५ दाबा. एक्स्टेन्शन बसवलेली एडिटरची वेगळी खिडकी उघडते.

असं वेगळं फंक्शन असलं की पुढचा रस्ताही मोकळा राहतो. मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासह २०१६ मध्ये जाहीर केलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये (भाषेची माहिती देणारा सर्व्हर आणि एडिटर यांच्यातल्या बोलण्याचे ठरलेले नियम) ३.१० आवृत्तीपासून फोल्डिंगची मागणी आहे. तेच फंक्शन सर्व्हरमध्ये ठेवलं तर निओविमसारख्या दुसऱ्या एडिटरांनाही ते वापरता येतं. ट्री-सिटरसारख्या पार्सरसाठी, म्हणजे व्याकरणावरून कोडची रचना ओळखणाऱ्या साधनासाठी, कोबोलचं पूर्ण व्याकरण लिहिणं हा आणखी एक मार्ग. तो जास्त अचूक आहे, पण फक्त फोल्डिंगसाठी एवढं काम मी सुचवणार नाही.

तयार एक्स्टेन्शन एका व्हीएसआयएक्स फाइलमध्ये बांधता येतं आणि ती फाइल एडिटरमध्ये हाताने बसवता येते. कोबोल जिथे लिहितात तिथल्या अनेक कचेऱ्यांत मार्केटप्लेस, म्हणजे एक्स्टेन्शन्स मिळण्याचं ऑनलाइन ठिकाण, उघडत नाही, म्हणून ही फाइल उपलब्ध ठेवणं महत्त्वाचं. बाहेरच्या लायब्ररी शक्यतो घेऊ नका. आपल्या कामाला त्यांची गरजही नाही, आणि सुरक्षा तपासणाऱ्याला थोडाच कोड वाचावा लागला तर परवानगी लवकर मिळते.

पहिल्या आवृत्तीत शीर्षकं, कॉमेंट्स आणि लेव्हल नंबर एवढंच पुरे. यात पूर्णविरामाची भानगड येत नाही, आणि पॅराग्राफ मिटवून प्रोग्रामचा आराखडा पाहण्याची मुख्य गरज भागते. इफ आणि परफॉर्म दुसऱ्या आवृत्तीत घ्या, चाचण्या आधी लिहून. कॉलमचं बंधन नसलेला फ्री फॉरमॅट तिसरीत: तिथे ए-एरियाच नसल्यामुळे पॅराग्राफ ओळखायला जागेऐवजी मागच्या वाक्याचा पूर्णविराम आणि कोबोलच्या राखीव शब्दांची यादी यांचा आधार घ्यावा लागतो.